बावखलाच्या पाण्याने धुतलेली गाडी

जुनी गाडी बघायला गेले की मी आधी बॉनेट उघडू देत नाही. मालक तिकडेच धावतो, कारण आदल्या दिवशी सगळी पुसापुशी त्याने तिथेच केलेली असते. मी म्हणते, राहू द्या हो, इंजिन कुठे पळून जात नाही. आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसते. तिथे कुणी पॉलिश मारलेलं नसतं. पाय टेकतात तिथलं मॅट उचलायचं, वास घ्यायचा, स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर हलकेच वाजवत जायचं. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेल्या पत्र्याचा आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो. हे मला कुणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून कळलं, आणि कळलं याचा मला अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी नम्रतेची वाट बघत बसायला नको.

निवृत्त होईपर्यंत मी विम्यासाठी मोटारींचा सर्व्हे करत होते. कुठे अपघात झाला, कुठे गाडी पुरात बुडाली, की जाऊन बघायचं. आज काय मोडलंय, आधीपासून काय मोडलेलं होतं आणि मालक त्यातलं काय काय आमच्या गळ्यात मारू बघतोय, ते ठरवायचं. वसई-विरार भागात तेव्हा या कामात बाई म्हणून मी एकटीच. सुरुवातीला गॅरेजात गेले की लोक माझ्या मागे बघायचे, साहेब कुठे राहिले म्हणून. मी चेसिस वाकलीय म्हटलं की ते माझं मत ठरायचं, आणि माझ्याबरोबरच्या पुरुषाने तेच म्हटलं की ती वस्तुस्थिती. तेव्हा मी एक युक्ती काढली. दोष तोंडाने सांगायचाच नाही. मालकाचा हात धरायचा आणि दोष असेल तिथे नेऊन ठेवायचा. स्वतःच्या बोटांना लागलेली गोष्ट खोटी आहे असं अजून तरी मला कुणी म्हटलेलं नाही.

आमचे हे मात्र मराठीचे शिक्षक. वसईच्या एका शाळेत त्यांचा जन्म गेला. गाडी छान चालवतात, पण गाडीच्या आत काय असतं याबद्दल त्यांना कधी कुतूहल वाटलं नाही. देव आहे म्हणून जग चालतं, तसं बायको आहे म्हणून गाडी चालते, इतकाच त्यांचा हिशेब. फक्त एक वेड त्यांना तरुणपणापासून होतं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या ज्या जातीच्या होत्या, त्या जातीची घरगुती गाडी त्यांना हवी होती. स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली, पुढे एकसंध सीट असलेली. नोकरीत असताना ते म्हणायचे, निवृत्त झाल्यावर बघू. निवृत्त झाल्यावर म्हणू लागले, चांगली मिळाली तर बघू. आणि मग परवाच्या नोव्हेंबरात एक दिवस ते बाजारातून भाजीऐवजी बातमी घेऊन आले.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटली होती. कळंबच्या वाटेवर एक गाव आहे, तिथल्या ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी, आता मुंबईत नर्स आहे. तिच्या आजोबांकडे तशीच गाडी होती, हौसेने सांभाळलेली, आणि त्यांना ती विकायची होती. पण वसई तालुक्याबाहेर द्यायची नव्हती. कारण ती नुसती गाडी नव्हती, गावाची लग्नाची गाडी होती. आजोबांनी ती पहिल्या मुलीच्या लग्नासाठी घेतली, तेव्हा गावात दुसरी मोटार नव्हती. तेव्हापासून कुणाच्याही घरची नवरी चर्चला जायची ती याच गाडीत मागे बसून, आणि त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आता ते थकले होते. जानेवारीत या नर्स नातीचं लग्न होतं. घरातली ही शेवटची नवरी. तिला तेवढी गाडीतून चर्चला सोडायची आणि मग गाडी योग्य माणसाच्या हाती द्यायची, असा त्यांचा बेत होता. त्यांनी अट एकच घातली होती, गावात लग्न असेल त्या दिवशी गाडी दारात यायला हवी.

"मी हो म्हणून टाकलंय," हे म्हणाले.

"न बघता?"

"बघायला तू आहेसच की. रविवारी जाऊ."

म्हणजे शब्द आधी आणि तपासणी नंतर. मी पिशवीत टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि स्क्रूड्रायव्हर टाकताना जरा जोरात टाकला.

घर वाडीच्या कडेला होतं. पुढे पडवी, बाजूला नारळ, आणि कौलारू शेडमध्ये ती उभी. सायीच्या रंगाची, कुठे ओरखडा नाही, क्रोमच्या पट्ट्यांत आपलं तोंड दिसावं अशी. खरं सांगते, बघितल्याबरोबर मलाही ती आवडली. आजोबा ऐंशीच्या घरातले, पांढरा शर्ट, ताठ पाठ. सगळं गाव त्यांना बाबा म्हणतं. घरात ते आपल्या बोलीत बोलत आणि आमच्याशी शाळेतली मराठी काढत, इतकी स्वच्छ की यांचा चेहरा खुलला. नात, तिची आई, शेजारचे दोघे-तिघे, सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसलेले. गाडी बघायला आलेली माणसं बघायला जमले होते.

"शेडबाहेर ही कधी रात्रभर राहिलेली नाही," बाबा म्हणाले. "पुरात कधी घातली नाही. समुद्रावर कधी नेली नाही. दर शनिवारी माझ्या हाताने धुतली आहे. तुम्ही बघा, हवं तितकं बघा."

मी एकदा सभोवार फिरले. चुंबक फिरवलं, ते सगळीकडे चिकटलं. म्हणजे रंगाखाली पुट्टीची भर नव्हती, अस्सल पत्रा होता. यांच्याकडे बघून मी मान हलवली, ते लगेच खुर्चीत मागे रेलले. मग मी मागचं दार उघडलं आणि नवरी बसते तिथे बसले. सीट जुनीच, पण नव्यासारखी. मॅट उचललं. खालचा तागाचा थर कोरडा होता, पण त्याला एक वास होता. तो वास मला ओळखीचा होता आणि तिथे यायला नको होता. बंदराच्या कामाला लावलेल्या ट्रकमध्ये येतो, तसा. मी मूठ वाजवली. पाय टेकतात तिथे आवाज चांगला आला. मागे सरकत गेले तसा तो बसत गेला.

मग मी चटई मागवली आणि गाडीखाली गेले. वयाच्या साठीला साडी खोचून गाडीखाली जाणारी बाई बघून अंगणात कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. जाऊ दे. या जातीच्या गाडीला वेगळा सांगाडा नसतो. तळाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. मागच्या चाकांचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, जिथे तळाला धरलेले असतात, तिथला पत्रा सगळा भार घेतो. टॉर्च तिथे धरला. वरून काळा रंग शाबूत होता. पण तो फुगला होता, पुरी फुगते तसा, आणि आत काहीच उरलं नव्हतं.

मी बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "बाबा, जरा हात द्या."

त्यांना वाटलं मला उठवायचंय. मी त्यांचा हात धरून त्यांना चटईवर बसवलं, आणि तोच हात गाडीखाली नेऊन त्या जागी ठेवला. "अंगठ्याने दाबा," म्हणाले.

त्यांनी दाबला. अंगठा आत गेला. हात बाहेर आला तेव्हा तळहातावर गंजाचे पापुद्रे होते. ते कितीतरी वेळ नुसते त्याकडे बघत राहिले. 

"मागे माणूस बसलं आणि एखादा खड्डा जोरात लागला तर पाटा तळ फाडून वर येईल," मी म्हणाले. "गाडी उभी करून ठेवा. लग्नात हिच्यात मुलीला बसवू नका."

"चर्च एवढ्यावर तर आहे," ते म्हणाले. "हळू नेऊ."

"हळू नेली तरी."

"थोडंच जायचंय."

"थोडंसुद्धा नाही, बाबा."

नात पुढे आली. "मॅडम, माझी आई याच गाडीतून गेली, सगळ्या आत्या गेल्या. मी गेले तर याच गाडीतून जाणार, नाहीतर चालत."

"मग चालत जा," मी म्हणाले. कठोर वाटलं असेल. पण असल्या वेळी गुळमुळीत बोललं की लोक त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढतात, हे मी धंद्यात पुरेपूर बघितलंय.

बाबा उठले. आता त्यांची शाळेतली मराठी पार गेली होती. "गाडी सडली म्हन्ते! गावात आजवर कोनी माझ्या गाडीला नाव ठेवलं नाय. एक खरचटा दाखव म्हनावं!" हे कुणाला उद्देशून होतं कोण जाणे, माझ्याकडे ते बघतही नव्हते. हातातले पापुद्रे तसेच मुठीत धरून ते आत निघून गेले आणि दार लावून घेतलं. सुनेने चहा आणला, घरची नेवरी, म्हणजे आपली करंजी, आणली. आम्ही चहा प्यायलो, वाट बघितली. ते बाहेर आले नाहीत. शेवटी आम्ही उठलो.

स्कूटरवर निर्मळ आलं तेव्हा हे म्हणाले, "थोडं सांभाळून सांगता आलं नसतं का?"

"कसं?"

"म्हणजे, आधी चांगलं काही सांगायचं. रंग किती छान ठेवलाय वगैरे."

"अहो, तुमच्यासारखे निबंधाला मार्क देत नव्हते मी."

त्यांना हसू आलं, पण पूर्ण नाही. त्यांचा शब्द गेला होता आणि हातातोंडाशी आलेली गाडीही. मला वाईट वाटलं ते यांच्यासाठी. माझ्या सांगण्याबद्दल मला तसूभरही शंका नव्हती. एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. पुरात नाही, समुद्रावर नाही, उघड्यावर नाही, मग ही गाडी कुजली कशाने? समुद्राकाठच्या गाड्या बाहेरून खराब होतात, आधी दाराच्या कडा जातात. पुरातल्या गाडीच्या आत पाण्याची रेघ राहते. ही गाडी वरून अंगठीसारखी लखलखीत आणि जिथे जिथे पाणी साचून सुकतं, नेमकी तिथेच पोकळ. कारण सापडत नाही तोवर माझं काम झालं असं मी मानत नाही. पण त्या घरी पुन्हा जायचं तरी कुठल्या तोंडाने?

आठवडा गेला असेल नसेल, बाबांचा फोन आला. यांच्या नाही, माझ्या नंबरावर, नातीकडून घेऊन.

"मॅडम, मी सगळ्या गाडीला अंगठा लावून बघितलं," ते म्हणाले. आवाज सरळ होता, राग नाही, काही नाही. "अजून दोन ठिकाणी जातो. पुढच्या दाराखाली आणि डिकीत. तुम्ही ते सांगितलं नव्हतं."

"त्या दिवशी तुम्ही आत गेलात. मी सांगणार होते."

"लग्नाआधी होईल का?"

मी म्हटलं, येते.

या वेळी अंगणात कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःच मॅट काढून वाळत टाकली होती. त्यांनी दाखवलेल्या जागा मी बघितल्या, बरोबर होत्या. ऐंशीच्या माणसाने रांगत रांगत स्वतःच्या गाडीतले दोष शोधून काढले होते, हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी कारणाच्या मागे होते. मी विचारलं, "धुता कशी? नळीने?"

"नळी नाही. बादलीने. आतून, खालून, सगळीकडे. बावखलाचं पाणी."

बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधलं छोटं तळं. त्याच्यावरच सगळी बागायत होत आली. त्यांच्या शेडच्या मागेच ते होतं, पायऱ्या उतरून जायचं. चाललो तिकडे. जाताना त्यांनी मला रीत सांगितली. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून पाण्यावर जातात, ते पाणी घरी आणतात आणि त्याने नवरीला आंघोळ घालतात. त्यातलंच पाणी ते गाडीला लावत आले. नवरी ज्या पाण्याने न्हाली, त्याच पाण्याने तिची गाडी. मग एकदा ते लावलं की पुन्हा नळाचं पाणी गाडीला कसं लावायचं? म्हणून दर शनिवारी बावखलाचंच. त्यांच्याबरोबरच्या कुणालाही यात काही विचित्र वाटलं नसतं, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मलाही वाटलं नाही.

मी पायरीवर बसून ओंजळ भरली आणि जिभेला लावली.

पाणी खारं होतं. मचूळ म्हणतात तेवढं नव्हे, चांगलंच खारं. गेल्या काही वर्षांत आजूबाजूला बोअर झाल्या, टँकर भरले गेले, जमिनीतलं गोड पाणी उपसलं गेलं आणि समुद्र आतून सरकत आला, हे वसईत सगळ्यांना माहीत आहे. पण या घरात प्यायला नळ आला होता. बावखलाचं पाणी तोंडात घ्यायची कुणाला वेळच आली नव्हती. नारळाला थोडं खारं चालतं. आणि गाडी बोलत नाही.

आता हे सांगायचं की नाही? न सांगता पत्रा बदलून देता आला असता. म्हातारा माणूस आहे, राहिलं. पण मग नव्या पत्र्यालाही ते दर शनिवारी तेच पाणी घालणार. आणि पुढे गाडी आमच्याकडे आली, तरी गावातली लग्नं होणारच, पाणी येणारच. मी पायरीवर बाजूला सरकून त्यांना जागा केली. "बाबा, घ्या थोडं तोंडात."

त्यांनी घेतलं. गिळलं नाही, तसंच धरून ठेवलं, मग थुंकलं.

"केळी गेली तवा मला वाटलं कंद वाईट निघाले," ते म्हणाले. "मी कंद बदलले. मग पानवेल गेली. वाटलं माझा हात गेला, वय झालं." जरा थांबून म्हणाले, "म्हंजे गाडी मीच खाल्ली."

"पाण्याने खाल्ली."

"पानी मीच घातलं ना."

  एक खंड्या समोरच्या काठीवर येऊन बसला, उडाला, पुन्हा बसला. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की काहीतरी कामाचं बोलून टाकावं म्हणून मी म्हणाले, "पत्रा कापायला लागेल. ठिगळं नाही चालणार. माझ्या ओळखीचा माणूस आहे, पण मी रोज तिथे जाऊन उभी राहणार. चालेल?"

"उभी राहा बाय," ते म्हणाले. मॅडमची मी तिथे बाय झाले.

ओळखीचा डेंटर जूचंद्रच्या रस्त्याला आहे. गाडी उचलून तिकडे नेली. माणूस कामाला चांगला, पण नाताळ तोंडावर, त्यालाही घाई. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्याने कुजलेल्या पत्र्यावरच नवा तुकडा वेल्ड करायला घेतलेला. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, "मॅडम, वरून समजणार पण नाही." मी म्हटलं, "मी वरून बघतच नाही, तुला माहितीये. खणखणीत वाजेल तिथपर्यंत काप." तो रागाने कापत गेला. कापता कापता मागचा तळ जवळजवळ सगळाच निघाला, आणि मग त्यालाही पटलं असावं, कारण नंतर त्याने असं सुरेख काम केलं की मी त्याच्या सगळ्या पोरांसमोर त्याची पाठ थोपटली. पाट्याच्या जागी जाड पत्रा घातला, पोकळ्यांत गंज न धरणारा लेप भरला. हे रोज डबा घेऊन यायचे आणि लांब स्टुलावर बसून पेपर वाचायचे. एकदा त्यांनी विचारलं, "हे सगळं कुणाला दिसणार?" म्हटलं, कुणाला नाही. ते म्हणाले, "मग तू इतकी खूश का?" मी म्हटलं, म्हणूनच.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात गाडी घरी आली. मी मागे माझे दोन दणकट भाचे बसवले, स्वतः चालवली आणि गावातल्या सगळ्यात वाईट रस्त्यावरून नेली. तळातून हूं की चूं नाही. मी बाबांना म्हटलं, बसवा नवरीला. ते हो म्हणाले. आमच्यात व्यवहार ठरला तो तिथेच, पडवीत उभ्या उभ्या, आणि आज ती गाडी विरारला आमच्या इमारतीखाली उभी असते. हे तिच्याभोवती फडकं घेऊन फिरत असतात. नळाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, हे मी रोज तपासते.

रीतीचं काय करायचं, ते बाबांनीच ठरवलं. आदल्या संध्याकाळी बायका बँडसकट बावखलावर गेल्या, पाणी आलं. गाडीपाशी आल्यावर सगळ्या थांबल्या आणि त्यांच्याकडे बघू लागल्या. त्यांनी दोन बोटं बुडवली, बॉनेटवर फक्त दोन थेंब टेकवले आणि लगेच कोरड्या रुमालाने पुसून घेतले. कुणीतरी म्हणालं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच.

लग्नाच्या दिवशी नातीचा भाऊ गाडी चालवत होता. बाबा पुढे बसले, नवरी तिच्या बापाबरोबर मागे. शेडपासून फाटकापर्यंत मातीचा उंचवटा आहे, तिथे गाडी मागून जराशी बसली आणि उठली, आणि मी श्वास सोडला. आम्ही दोघं स्कूटरवर तिच्या मागे. रस्त्याने लोक दारात येऊन नवरी बघत होते. मी मागची चाकं बघत होते. चर्चच्या दारात गाडी थांबली, नात उतरली, पांढऱ्या झग्याचा घोळ सावरत तिने मागे वळून बघितलं आणि मला शोधून हात केला. आयुष्यात मी किती गाड्यांबद्दल शब्द दिला असेल, पण त्या शब्दावर पाय ठेवून कुणी उतरताना बघितलं ते पहिल्यांदाच. माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती, असं हे अजून सांगतात. झाली असेल.

संध्याकाळी शेतात मांडव होता. बाबा सुटाबुटात, कोटाला फूल, आणि मला हाताशी धरून टेबलाटेबलाला नेऊ लागले. मला वाटलं, ओळख करून देणार, मास्तरांची बायको किंवा गाडी घेणारी. पण प्रत्येक टेबलाशी थांबून ते मोठ्याने म्हणायचे, "ही बघा. हिनं माझी गाडी नापास केली." लोक चपापून माझ्याकडे बघायचे आणि ते छाती फुगवून पुढच्या टेबलाकडे निघायचे. मी आपली हसत होते. असं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं आणि मला ते चांगलंच मानवत होतं.

शेवटच्या टेबलाला त्यांचा चुलतभाऊ बसला होता, त्यांच्याच वयाचा. त्याच्याकडेही बापाच्या वेळची एक मोटार पडून होती. तो म्हणाला, "मग आमची पन येऊन बघ ना एकदा, बाय."

"बघंल ती," बाबा म्हणाले. "नाय म्हनायची नाय. पन तुला आधीच सांगून ठेवतो, ही तुझा हात धरंल तवा तयारीत ऱ्हा. त्या दिवशी मी आत जाऊन दार लावलं आनि पोरासारखा रडलो. सगळे बाहेर चहा पीत होते."

चुलतभाऊ हसला, बाबाही हसले. मी इतके दिवस समजत होते की ते रागावून आत गेले. आणि तेच बाबा नंतर आपणहून पुन्हा गाडीखाली शिरले होते, अंगठा लावत लावत. दिवसभर माझा स्वतःचाच अभिमान मिरवत होते मी. तिथे त्या टेबलाशी मला त्यांचा अभिमान वाटला, फार वाटला, आणि मी तो त्यांना तिथल्या तिथे बोलूनही दाखवला.